नाताळची गाणी आणि घरची पेटी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

नाताळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? बर्फ, सुरूसारखे एक झाड, लाल झग्यातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि बेकरीच्या काचेआडचा केक. आणि कानांत काय वाजते? डिसेंबरभर दुकानांतून ऐकू येणारी दोन-तीन इंग्रजी गाणी. हा सण दुसऱ्यांचा आणि त्याचे संगीत साहेबाचे, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. गेल्या डिसेंबरात माझा एक वर्गमित्र, त्याची बहीण, त्यांची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी आणि मी, अशा चौघांनी मिळून परभणीतील त्यांच्या घरी अकरा मराठी नाताळगीतांचे ध्वनिमुद्रण केले. साथीला पेटी, ढोलकी आणि टाळ; यंत्र म्हणून एक मोबाईल फोन. या उद्योगाची महाविद्यालयात आणि आमच्या पेडगावात थोडी चर्चा झाली, थोडी चेष्टाही झाली. "हे कशासाठी?" हा प्रश्न सर्वांनीच विचारला. या प्रश्नाला उत्तर द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझे मत प्रथमच सांगून टाकतो. ही गाणी ज्या घरात, ज्या वाद्यांवर आणि ज्या गळ्यांतून आजवर जगली, तेथेच ती ध्वनिमुद्रित व्हायला हवीत. ती आताच व्हायला हवीत. आणि ते काम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी करायला हवे.

पहिला प्रश्न असा की, ही गाणी परकी आहेत काय? मराठीच्या तासाला आपण ओवी आणि अभंग यांचा इतिहास शिकतो. त्यातच फादर स्टीफन्स यांचे नाव येते. हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, येथली भाषा शिकला आणि त्याने 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात येशूच्या जन्माची कथा मराठी ओवीतून सांगितली आहे, आणि गोव्यातील ख्रिस्ती लोक ती मोठ्याने वाचत, गात. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म होण्याआधी चौदा वर्षे नाताळची कथा मराठी ओवीत छापून झाली होती! ज्या इंग्रजी गाण्यांना आपण 'खरे' नाताळसंगीत समजतो त्यांतील कितीतरी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी जन्मली.

पुढे एकोणिसाव्या शतकात अहमदनगर (आता अहिल्यानगर) हे मराठी ख्रिस्ती गीतांचे माहेरघर झाले. तेथे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तने केली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, झांज सारे आपल्याच कीर्तनासारखे. आणि मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९). 'फुलामुलांचे कवी' म्हणून आपण त्यांना शाळेपासून ओळखतो. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्या लक्षात आले की, इंग्रजी चालींवर बसवलेली ओढूनताणून केलेली भाषांतरे मराठी माणसाच्या गळ्याखाली उतरत नाहीत. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, कीर्तने रचली. मराठी ख्रिस्ती लोकांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात दोनशेहून अधिक गीते एकट्या टिळकांची आहेत. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्याच लक्ष्मीबाई, ज्यांची 'स्मृतिचित्रे' आपण अभ्यासतो. बायबल वाचणाऱ्या टिळकांनी तुकोबांना कधी सोडले नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मराठवाडाही यापासून दूर नव्हता. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. माझ्या मित्राच्या आजीचे बालपण जालन्याच्याच बाजूला गेले. लग्न होऊन त्या परभणीला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आणि आईकडून शिकलेली गाणी, एवढेच सामान होते, असे त्या सांगतात.

आता या गाण्यांतील कथेकडे पाहू. एक गरीब जोडपे, परगावी उतरायला जागा नाही, बाईचे दिवस भरलेले, गोठ्यात बाळंतपण आणि बाळाला ठेवले ते गव्हाणीत. मराठी बायबलात 'गव्हाणी' हाच शब्द आहे. मित्रहो, ही गोष्ट पेडगावच्या माणसाला समजावून सांगावी लागते काय? लंडनच्या मुलाला गव्हाण चित्रात पाहावी लागत असेल. आम्ही तिच्यात रोज कडबा टाकतो. बाळाला पाहायला सर्वांत आधी कोण आले? रात्री रानात मेंढरे राखणारे मेंढपाळ. डिसेंबरात परभणीची थंडी कशी असते हे सर्वांना ठाऊक आहे. ज्वारीच्या फडाशेजारी शेकोटी करून बसलेला मेंढपाळ आपल्याकडे आजही दिसतो. बर्फावाचून आणि सुरूच्या झाडावाचून या कथेचे काहीच अडत नाही.

आणि बाळ जन्मले की मराठी बाई काय करते? पाळणा म्हणते. रामनवमीला भर दुपारी रामाचा पाळणा, गोकुळाष्टमीला मध्यरात्री कृष्णाचा पाळणा, शिवजयंतीला शिवबाचा पाळणा, भीमजयंतीला भीमाचा पाळणा. त्याच ओळीत बाळ येशूचा पाळणा येतो. आम्ही मुद्रित केलेल्या अकरा गाण्यांत तीन पाळणे आहेत. त्यांतील एकाची चाल ऐकताच मी चमकलो, कारण आमच्या गल्लीतील बायका बारशाला जी चाल म्हणतात ती आणि ही जवळजवळ एकच. कोणी कोणाकडून घेतली हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. पाळण्याची दोरी एकीच्या हातून दुसरीच्या हाती जाते, तशीच चालही गेली असणार.

येथे कोणी म्हणेल की, गाणी पुस्तकात छापलेली आहेत, मग मुद्रणाची एवढी घाई कशाला? हाच खरा कळीचा मुद्दा आहे. पुस्तकात शब्द आहेत, चाल नाही. आजींजवळ जी जुनी, कडा झिजलेली प्रत आहे, तिच्यात गीताच्या डोक्यावर कोठे 'ओवी', कोठे 'साकी', कोठे 'दिंडी' एवढेच छापले आहे. तर कोठे 'चाल' असे लिहून पुढे एखाद्या जुन्या नाटकातील पदाचे नाव दिले आहे. ते नाटक आज कोणाला आठवते? आजींनाही आठवत नाही. "नाटक मी कुठं पाहिलंय बाळा? माझ्या आईनं म्हटलं तसं मी म्हणते," असे त्या म्हणाल्या. म्हणजे पुस्तक आपल्याला नाटकाकडे पाठवते, नाटक केव्हाच पडद्याआड गेले आहे, आणि चाल उरली आहे ती एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या गळ्यात. तो गळा थांबला की शब्द तसेच राहतील, पण ते गाणे राहणार नाही.

आणखी एक गोष्ट मला तेथे कळली. आजी एकच गीत दोन तऱ्हांनी म्हणतात. प्रार्थनामंदिरात म्हणतात ते सरळ, सर्वांबरोबर, मोजून मापून. घरी म्हणतात तेव्हा दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्या थांबतात, एक सूर लांबवतात, आणि मगच पुढे जातात. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "तिथं पेटी पुढं असते आणि मी तिच्या मागं. घरी मी पुढं असते." संगीतशास्त्राचा मी विद्यार्थी नाही, परंतु घरी मुद्रण का करावे, याचे याहून नेमके उत्तर मला कोणत्याही ग्रंथात मिळाले नसते.

प्रत्यक्ष मुद्रण कसे केले तेही थोडक्यात सांगतो, कारण इतरांना ते उपयोगी पडेल. पैसा जवळजवळ लागला नाही. एका खोलीतील पंखा बंद केला, भिंतींना दोऱ्या बांधून त्यांवर गोधड्या टाकल्या. उघड्या भिंतींवरून आवाज उलटून येतो आणि शब्द पुसट होतात. गोधडी तो आवाज पिते. फोन जमिनीवर ठेवला नाही; ढोलकीचा ठोका फरशीतून थेट त्यात शिरतो. घडी घातलेल्या सतरंजीवर, आजींच्या तोंडापासून दीड हातावर तो ठेवला. पेटी त्यांच्या बाजूला पण जरा मागे, ढोलकी आणि टाळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला. सर्वांचे आवाज एकाच वेळी एकाच यंत्रात जायचे असल्यामुळे कोण किती लांब बसतो यावरच सारा तोल अवलंबून असतो. आजी पूर्वी काळी पाचमध्ये गात असत. आता वयाने आवाज उतरला आहे. म्हणून पेटी पांढरी पाचवर धरली. माणसाने पट्टीसाठी गळा ताणू नये, पट्टीने माणसासाठी खाली यावे. रात्री नऊनंतर, गल्ली शांत झाल्यावर, तीन रात्रींत अकरा गाणी झाली. एका पाळण्याच्या मध्येच रेल्वेची शिट्टी आली. आम्ही ते गाणे पुन्हा घेऊ लागलो तेव्हा आजींनीच थांबवले. "राहू दे की रे. गाडी काय आजच जाते का?" म्हणून ती शिट्टी तशीच ठेवली आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप मित्राच्या घरातील तरुण मंडळींचाच होता. त्यांचे म्हणणे असे की, कीबोर्ड नाही, गिटार नाही, मागे कोरस नाही. असले गाणे आज कोण ऐकणार? शहरात जाऊन स्टुडिओत करा, नाहीतर करूच नका. या मंडळींचा मला राग येत नाही. आपले गाणे चारचौघांत थाटाने वाजावे, असे कोणाला वाटत नाही? परंतु नाताळसंगीताचा इतिहासच त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. 'सायलेंट नाइट' हे जगातील सर्वांत प्रसिद्ध नाताळगीत मूळचे जर्मन भाषेतील. ते प्रथम गायले गेले २४ डिसेंबर १८१८ रोजी, ऑस्ट्रियातील ओबेर्नडॉर्फ नावाच्या लहान गावी. शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरची. दोन आवाज आणि एक गिटार, एवढीच सामग्री. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आपण गमतीने म्हणतो. या एका बाबतीत तरी ती म्हण खरी करायला हरकत नाही! एका खेड्यातला धर्मगुरू आणि एक मास्तर जे गिटारवर करू शकले, ते आपण पेटीवर का करू नये?

घरच्या मुद्रणाला कमी लेखणाऱ्यांनी आणखी दोन उदाहरणे पाहावीत. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने १९८२ साली घरात बसून साध्या कॅसेटयंत्रावर काही गाणी कच्ची म्हणून मुद्रित केली. नंतर वादकांचा संच जमवून तीच गाणी स्टुडिओत करून पाहिली, पण घरच्या कॅसेटमधला जीव त्यांत उतरेना. शेवटी 'नेब्रास्का' या नावाने ती घरची कॅसेटच बाजारात आली. दुसरे उदाहरण तर आपल्या विषयाचेच आहे. सुफ्यान स्टीव्हन्स हा गायक २००१ पासून नाताळगीतांचे छोटे छोटे संग्रह घरगुती पद्धतीने मुद्रित करून मित्रांना आणि नातलगांना भेट देत असे. २००६ साली असे पाच संग्रह एकत्र प्रसिद्ध झाले आणि लोकांनी ते आवडीने घेतले. ज्यांच्याजवळ सर्व यंत्रे आहेत तेही घराकडे वळतात, आणि आपण मात्र घर सोडून स्टुडिओचे भाडे शोधत फिरतो.

दुसरा आक्षेप माझ्या गावातून आला. आमच्या घरात माळ आहे. वडील भजनात मृदंग वाजवतात. त्यांच्याच हाताखाली मी ठेका शिकलो. तेव्हा "माळकऱ्याच्या पोराला नाताळची गाणी कशाला?" असे पारावर एकाने विचारले. हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही, कारण तो आज पुष्कळांच्या मनात असतो. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला (आता धाराशिव) त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. ज्यांनी उभा जन्म मराठीची सेवा केली त्यांच्याही निवडीला काही जणांनी विरोध केलाच होता.

अशांना मी आमच्या भजनातल्या पेटीकडे बोट दाखवतो. ही पेटी आली कोठून? १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबें याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती युरोपातून जहाजाने हिंदुस्थानात आली. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून बसणाऱ्या वादकाजोगी, हाताने भाता मारायची बनवली. १९४० साली तर रेडिओने ती परकी आणि आपल्या सुरांना न मानवणारी म्हणून तिच्यावर बंदी घातली, आणि ती बंदी तीस वर्षे टिकली. पण आमच्या पारावरच्या भजनाने तिला कधी परकी मानले नाही. आज पेटीवाचून हरिनाम सप्ताह उभा राहील काय? साहेबाची पेटी आम्ही घेतली आणि तिच्यावर तुकोबा गायलो. टिळकांनी तुकोबांचा अभंग घेतला आणि त्यात ख्रिस्त गायला. या देवघेवीत कोण कोणाचे काय घेऊन गेला? माझ्या वडिलांना इतिहास ठाऊक नाही. त्यांनी पारावर एवढेच सांगितले, "ठेक्याला जात नसती. पोरगं ताल सोडीत न्हाई ना, मंग झालं." मी महाविद्यालयात येणारा आमच्या घरातला पहिला. शिक्षणाने माणसाचे मन मोठे होते असे व्याख्यानांत ऐकतो. पण काही मने अगोदरच मोठी असतात, हेही मान्य केले पाहिजे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो, आणि तो स्वतः आजींचा होता. "ही देवाची गाणी आहेत. उद्या कोणी हॉटेलात वाजवली, कोणी त्यावर नाचलं, कोणी टिंगल केली तर?" फोनमध्ये गेलेली वस्तू कोठवर जाईल याचा भरवसा नसतो, हे खरेच आहे. कायद्याने अडचण नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो आणि टिळकांना जाऊन शंभरावर वर्षे झाली. पण शब्द मोकळे झाले म्हणून आजींचा आवाज मोकळा होत नाही. तो त्यांचा आहे. म्हणून आम्ही असे ठरवले की, मुद्रणाच्या प्रती फक्त घरच्यांना आणि आजी सांगतील त्यांना द्यायच्या. नाताळच्या आदल्या रात्री जालना आणि नगरकडच्या नातलगांना त्या गेल्या. पुढचे आजी ठरवतील. लोकांकडून काही गोळा करायला निघालेल्या शिकलेल्या माणसांनी हा नियम विसरू नये, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

आपल्या भागात असे काम झालेलेच नाही असे नव्हे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९६ साली आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावात बायकांनी म्हटलेल्या बाबासाहेबांच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रणही त्या कामात झाले. त्या ओव्या आज कोणालाही ऐकता येतात, आणि कागदावरची ओवी व कानाने ऐकलेली ओवी यांत केवढे अंतर आहे ते कळते. ज्या जिल्ह्यात जनाबाईंचे गंगाखेड आहे, त्या जिल्ह्याला दळता-कांडता गायलेल्या गाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. जनाबाईंचे अभंग आपल्याजवळ आहेत. त्यांची चाल कशी होती, त्या कोठे थांबत, कोणता सूर लांबवत, हे मात्र कोणीच सांगू शकणार नाही. त्या काळी यंत्र नव्हते. आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे.

म्हणून शेवटी एक सूचना करतो. आपल्या मराठी विभागाने ग्रंथालयात एक लहानसे ध्वनिकपाट सुरू करावे. प्रत्येक विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीची पाच गाणी मुद्रित करावीत. कोणी जात्यावरच्या ओव्या आणील, कोणी मोहरमचे मरसिये, कोणी बंजारा तांड्यावरची लेंगी, कोणी भीमगीते, कोणी नाताळचा पाळणा. सोबत एका कागदावर गाणाऱ्याचे गाव, गाणे कोणाकडून शिकले ते, आणि ते इतरांना ऐकवायला त्यांची संमती आहे की नाही, एवढे लिहावे. खर्च काही नाही. गोधड्या सर्वांच्याच घरी आहेत. गेल्या डिसेंबरात आजींनी आम्हाला अकरा गाणी दिली. त्यांना येणारी आणखी निदान वीस बाकी आहेत, आणि येत्या सुट्टीत आम्ही पुन्हा पंखा बंद करून बसणार आहोत. मित्रहो, तुमच्या घरी कोण गाते, ते आजच विचारून पाहा.